विचार करायला लावणारे पुस्तक कसे वाचावे: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या वाचक मंडळांत एक गोष्ट वारंवार दिसते. जीवन कसे जगावे, माणूस मुळात कसा आहे, पुढच्या पन्नास वर्षांत काय होईल, अशा विषयांवरचे पुस्तक सभासद उत्साहाने आणतात, आठवड्याभरात संपवतात, त्यातली दोन-चार वाक्ये व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात; पण ‘लेखकाचे नेमके म्हणणे काय आणि ते तो कशाच्या आधारावर म्हणतो?’ असे विचारले की ‘पुस्तक अप्रतिम आहे, प्रत्येकाने वाचावे’ यापलीकडे उत्तर येत नाही. हे पुस्तक कादंबरीच्याच वेगाने आणि क्रमाने वाचले जाते, हे त्याचे कारण आहे. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. तिसरा टप्पा गाळण्याचा मोह सर्वांना होतो आणि तोच गाळला तर पुढच्या श्रमांतले निम्मे वाया जातात.

## टप्पा १: पुस्तकाची जात ओळखा

या पुस्तकांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात लेखक कसे जगावे हे सांगतो. दुसऱ्यात माणूस असा का वागतो हे सांगतो आणि तिसऱ्यात पुढे काय घडेल याचा अंदाज बांधतो. पहिल्या प्रकारातला विचार करून पाहायचा असतो, दुसऱ्यातला विचार पुराव्यावर घासून पाहायचा असतो आणि तिसऱ्यातला अटी व मुदत पाहून जोखायचा असतो. तिन्ही एकाच नजरेने वाचली की सल्ला सिद्धांतासारखा वाटू लागतो आणि अंदाज भविष्यवाणीसारखा.

बरीच पुस्तके मिश्र असतात. युव्हाल नोआ हरारी यांचे ‘सेपियन्स’ हिब्रूत २०११ मध्ये आणि इंग्रजीत २०१४ मध्ये आले. त्याचा बहुतेक भाग मानवाच्या भूतकाळाविषयी आहे, पण शेवटच्या प्रकरणात लेखक भविष्याकडे वळतो. इतिहासाची प्रकरणे वाचताना बसलेला विश्वास वाचक त्या शेवटच्या प्रकरणालाही नकळत देऊन टाकतो. म्हणून अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने (पुस्तक वाचनालयाचे असल्यास वेगळ्या कागदावर) प्रत्येक प्रकरणासमोर ‘जीवन’, ‘स्वभाव’ किंवा ‘भविष्य’ असे लिहून ठेवावे.

## टप्पा २: प्रत तपासा आणि भाषा ठरवा

कडोली, येळ्ळूर, उचगाव किंवा कुद्रेमानीच्या साहित्य संमेलनातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर उभे असताना मलपृष्ठावरचा मजकूर वाचून पुस्तक घेऊ नये. तो मजकूर विक्रीसाठी लिहिलेला असतो. त्याऐवजी मधल्या एखाद्या प्रकरणाची सलग दोन पाने उभ्याउभ्या वाचावीत. वाक्ये कळत नसतील तर दोष अनुवादाचाही असू शकतो, आणि वाईट अनुवादाशी महिनाभर झुंजण्यात काही पुरुषार्थ नाही.

त्यानंतर श्रेयनामावलीच्या पानावर तीन गोष्टी पाहाव्यात: मूळ पुस्तकाचे प्रकाशनवर्ष, अनुवादाचे वर्ष आणि ‘संक्षिप्त’ किंवा ‘स्वैर रूपांतर’ असा उल्लेख. मूळ वर्ष महत्त्वाचे का, हे सहाव्या टप्प्यात येईल. शेवटची पाने उघडून टिपा व सूची आहेत का हेही पाहावे. अनुवादांत त्या पुष्कळदा गाळलेल्या असतात आणि मग लेखकाचा पुरावा तपासण्याची वाटच बंद होते. अशा वेळी मूळ इंग्रजी प्रत बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळते का, याची चौकशी करावी. ती संपूर्ण वाचण्याची गरज नाही. टिपांपुरती हाताशी असली तरी पुरे.

भाषेचा प्रश्न आपल्या भागात नाजूक आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. घरी मराठी, शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची आणि पीयूसीनंतर (म्हणजे बारावीनंतर) सगळे इंग्रजी, अशा वाटेने आलेले तरुण वाचक येथे बहुसंख्य आहेत. त्यांच्यापैकी अनेकजण अभिमानापोटी मराठी अनुवाद घेतात, दहा पानांनंतर अडखळतात आणि ‘विषयच कठीण आहे’ असा समज करून घेतात. ज्या भाषेत लांबलचक युक्तिवादाचा धागा आपल्या हातून सुटत नाही त्या भाषेत पुस्तक वाचावे. मग ती कन्नड असली तरी संकोच करू नये. मराठीत टिपणे काढावीत आणि चर्चा करावी, म्हणजे मराठीचेही काम होते.

तपासणी: अनुवादाच्या पहिल्या वीस पानांत एखादे वाक्य तीनदा वाचूनही कळले नाही, असे पाचपेक्षा अधिक वेळा घडले तर भाषा किंवा प्रत बदलावी.

## टप्पा ३: वाचण्यापूर्वी स्वतःचे मत लिहून काढा

दोनशे पानी वही घ्यावी आणि पुस्तक न उघडता तिच्या पहिल्या पानावर पुस्तकाच्या विषयासंबंधीचे स्वतःचे मत लिहावे. वर तारीख घालावी. एक पान पुरे, पण ते पूर्ण वाक्यांत असावे.

याचे कारण असे की एखादी गोष्ट कळल्यानंतर ती आपल्याला आधीपासूनच ठाऊक होती असे मनुष्याला वाटू लागते. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हा दोष प्रयोगांतून दाखवून दिला: घटनेचा निकाल सांगितलेल्या लोकांना तो निकाल आधीच दिसत होता असे वाटले, आणि निकाल कळल्याने आपला अंदाज बदलला आहे याची त्यांना जाणीवही नव्हती. पुस्तकाच्या बाबतीतही हेच होते. तीनशे पाने वाचून झाल्यावर ‘माझ्या मनातलेच लेखकाने मांडले’ असे म्हणणारा वाचक बहुधा प्रामाणिक असतो, पण वाचण्यापूर्वी त्याच्या मनात खरोखर काय होते हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

प्रश्न ठोस असावेत. मनुष्यस्वभावावरचे पुस्तक असल्यास ‘माणूस स्वार्थी आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. ‘आमच्या गल्लीत कोणाच्या घरी मयत झाली तर न बोलावता कोण जाते, कोण जात नाही, आणि का?’ असे लिहावे. भविष्यावरचे असल्यास ‘यंत्रे नोकऱ्या खातील का?’ याऐवजी ‘उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या भावाचे काम वीस वर्षांनी कोण करत असेल?’ असे विचारावे. जीवनविषयक पुस्तकासाठी ‘मला सध्या कोणता निर्णय अडला आहे?’ हा एक प्रश्न पुरतो.

सावधान: या पानावर भारदस्त भाषा येऊ लागली तर समजावे की आपण आपले मत लिहीत नसून कुठेतरी वाचलेले लिहीत आहोत. ते पान फाडावे आणि शेजाऱ्याशी बोलतो तसे पुन्हा लिहावे.

## टप्पा ४: पहिली झडती

एका संध्याकाळी अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि शेवटचे प्रकरण वाचून काढावे. मधल्या प्रत्येक प्रकरणाचा पहिला व शेवटचा परिच्छेद पाहावा. रहस्यकथेत हे पाप ठरेल. येथे ते आवश्यक आहे, कारण लेखक कोठे जाणार हे माहीत असले तरच तो वाटेत कोठे घसरला हे दिसते.

झडती संपल्यावर वहीत दोनच ओळी लिहाव्यात: लेखकाचा प्रश्न कोणता आणि त्याचे उत्तर कोणते.

## टप्पा ५: संथ वाचन

आपल्याकडे ग्रंथवाचनाचा सर्वांत खोल संस्कार पारायणाचा आहे. ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या गतीने, आरंभापासून समाप्तीपर्यंत वाचत जायचे आणि मध्ये थांबायचे नाही, ही ती शिस्त. श्रवणभक्तीसाठी ती योग्यच आहे, परंतु तीच सवय वैचारिक पुस्तकाला लावली की ‘किती पाने झाली’ हाच हिशेब उरतो. येथे दुसरा नमुना डोळ्यांपुढे ठेवावा. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती दर रविवारी एक अशी झाली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. म्हणजे ऐकणाऱ्यांना एका अध्यायानंतर विचार करायला सहा दिवस मिळत होते. आठवड्याला एक प्रकरण ही गती आजही चांगली आहे. दोन चालतील, चार नकोत.

प्रत्येक प्रकरणानंतर पुस्तक मिटून वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: लेखकाचा दावा एका वाक्यात, त्यासाठी दिलेला आधार, आणि आपली शंका. पुस्तक मिटून लिहिण्याला विशेष महत्त्व आहे. पुस्तक उघडे ठेवून काढलेले टिपण म्हणजे नक्कल होते, आणि नक्कल करताना हात चालतो, डोके स्वस्थ बसते.

अधोरेखनाविषयी एक नियम सांगतो, तो अनेकांना आवडत नाही: पहिल्या वाचनात पेन्सिल हातात धरूच नये. पहिल्या वाचनात आपण सुंदर वाक्यांखाली रेघा ओढतो. दावा आणि पुरावा बहुधा त्यांच्या शेजारच्या साध्या वाक्यांत असतो. प्रकरणाचे टिपण लिहून झाल्यावर ज्या वाक्यामुळे ते लिहिता आले त्याच वाक्याखाली रेघ ओढावी. वाचनालयाच्या प्रतीत कागदाच्या चिठ्ठ्या ठेवाव्यात आणि परत करताना त्या आठवणीने काढाव्यात.

वेळापत्रक हंगाम पाहून आखावे. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत भाताची रोप लावणी सुरू असताना, किंवा निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडीच्या धांदलीत, शेतकरी घरातल्या माणसाने जाड पुस्तक सुरू करू नये. अर्धवट सुटलेले पुस्तक दोन महिन्यांनी उचलले तर आधीचे सगळे पुसलेले असते. सुरू केलेच असेल तर निदान वही अद्ययावत ठेवावी, म्हणजे पुन्हा चौथ्या टप्प्यावर जावे लागत नाही. पावसाळ्यात पुस्तक भिंतीला टेकवून ठेवू नये, ओल धरते.

तपासणी: तिसऱ्या प्रकरणानंतर आधीच्या दोन प्रकरणांचे दावे वही न पाहता सांगता आले पाहिजेत. येत नसतील तर पुढे जाऊ नये.

## टप्पा ६: पुरावा घासून पाहा

हा टप्पा प्रकारानुसार बदलतो आणि सर्वाधिक वेळ यालाच द्यावा लागतो.

### मनुष्यस्वभावाची पुस्तके

या पुस्तकांत प्रयोगांच्या गोष्टी असतात, आणि गोष्ट चांगली रंगली की वाचक आकड्यापर्यंत पोहोचतच नाही. प्रत्येक प्रयोगाला चार प्रश्न विचारावेत: कोणावर केला, किती जणांवर केला, केव्हा केला, आणि पुन्हा कोणी करून पाहिला का?

स्टॅन्ले मिलग्रॅम यांचा आज्ञापालनाचा प्रयोग घ्या. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला विजेचा धक्का देत आहोत अशा समजुतीने ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. धक्का प्रत्यक्षात कोणालाच बसत नव्हता. कित्येक पुस्तके येथेच थांबतात आणि ‘माणूस हुकमाचा ताबेदार आहे’ असा निष्कर्ष काढतात. परंतु मिलग्रॅम यांनी या प्रयोगाचे अनेक प्रकार करून पाहिले होते. प्रयोगकर्ता खोलीत न थांबता टेलिफोनवरून आज्ञा देई तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण बरेच घसरले, आणि दोन प्रयोगकर्ते परस्परविरुद्ध सांगू लागले तेव्हा शेवटपर्यंत कोणीच गेले नाही. पहिलाच आकडा देऊन थांबणारे पुस्तक खोटे बोलत नाही, तरीही वाचकाची दिशाभूल करते.

प्रकाशनवर्ष पाहायचे ते यासाठी. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे ३६ टक्केच अभ्यासांत संख्याशास्त्रीय कसोटीला उतरणारा निष्कर्ष पुन्हा मिळाला. त्यापूर्वीच्या पुस्तकांतले प्रयोग त्यामुळे आपोआप बाद होत नाहीत, पण अधिक सावधपणे वाचावे लागतात. डॅनियल कानेमन यांच्यासारख्या नोबेल विजेत्यानेही आपल्या २०११ च्या पुस्तकातल्या एका प्रकरणात लहान नमुन्यांच्या अभ्यासांवर अवाजवी भिस्त ठेवल्याचे २०१७ मध्ये उघडपणे मान्य केले. आधीच छापलेल्या प्रतींत ही कबुली असणार नाही, हे उघड आहे.

मुलांपुढे गोड खाऊ ठेवून ‘थांबलास तर दुप्पट देईन’ असे सांगण्याचा प्रयोग पालकांसाठीच्या पुस्तकांत हटकून येतो. थांबणारी मुले पुढे यशस्वी होतात, असा त्याचा प्रसिद्ध निष्कर्ष. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर तो पुन्हा तपासला गेला तेव्हा संबंध मूळच्या निम्म्याच्या आसपास दिसला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखी बराच आटला. ज्या घरात खाऊ रोज मिळत नाही तिथले मूल समोर आलेला खाऊ लगेच खाते, हे वडगावातल्या कोणत्याही आजीने सांगितले असते.

‘कोणावर केला’ हा प्रश्न आपल्यासाठी सर्वांत जवळचा आहे. जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की ‘माणूस’ म्हणून ज्यांचा अभ्यास होतो ते बहुतांशी पाश्चात्त्य, शिकलेल्या, संपन्न समाजातले लोक, आणि त्यातही महाविद्यालयीन विद्यार्थी, असतात. आणि अनेक बाबतींत ते जगातल्या इतरांपेक्षा वेगळे वागतात. तेव्हा प्रत्येक दाव्यासमोर ‘हे एकत्र कुटुंबात राहणाऱ्या, शेतीचा वाटा न झालेल्या चार भावांना लागू पडेल का?’ असा प्रश्न लिहावा. उलट बाजूची चूकही टाळावी: ‘आमच्याकडे असे नसते’ असे म्हणून प्रत्येक गैरसोयीचा निष्कर्ष परतवणे म्हणजे तपासणी नव्हे.

### भविष्याची पुस्तके

वहीत चार रकाने आखावेत: काय होईल, केव्हापर्यंत, कोणत्या अटीवर, आणि काय दिसले तर हा अंदाज चुकला असे म्हणता येईल. ज्या विधानासाठी दुसरा आणि चौथा रकाना रिकामाच राहतो त्याला अंदाज म्हणू नये. ती लेखकाची मनःस्थिती आहे.

दोन जुनी उदाहरणे सरावासाठी उत्तम आहेत. पॉल एर्लिक यांनी १९६८ मध्ये लोकसंख्येवरील आपल्या पुस्तकात १९७० च्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील असे लिहिले. मुदत आणि प्रमाण दोन्ही स्पष्ट असल्यामुळे हा अंदाज तपासता आला, आणि त्या प्रमाणात तसे घडले नाही. याउलट १९७२ च्या ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ या अहवालात संगणकीय प्रतिमानाच्या साहाय्याने ‘असे केले तर तसे होईल’ अशी अनेक चित्रे मांडली होती. वाचकांनी आणि टीकाकारांनी त्यातले एकच चित्र उचलून त्याला भाकीत ठरवले. तिसरा रकाना भरला असता तर ही गफलत झाली नसती.

त्यानंतर अंदाज आपल्या परिसरात आणून पाहावा. यंत्रे माणसाची कामे घेतील असे पुस्तक म्हणत असेल तर उद्यमबागेतल्या कारखान्यात किंवा वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या माणसाला विचारावे की गेल्या दहा वर्षांत कोणते काम गेले, कोणते नवे आले आणि पगार कोणाचा वाढला. पावसाविषयी असेल तर कणकुंबीकडच्या वयस्क शेतकऱ्याशी बोलावे.

सावधान: ऑगस्ट २०१९ च्या पुराचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक चर्चेत येते. एका पुराने हवामानाचा अंदाज सिद्धही होत नाही आणि खोटाही पडत नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी लागतात.

### जीवनाची पुस्तके

येथे पुरावा बहुधा लेखकाच्या अनुभवाचा असतो. मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचे १९४६ चे पुस्तक घ्या. त्याच्या आज प्रचलित असलेल्या आवृत्तीत नाझी छळछावणीतले अनुभव आणि त्यांची उपचारपद्धती असे दोन भाग आहेत. पहिल्या भागाने हेलावलेला वाचक दुसरा भाग न तपासता मान्य करतो. लेखकाने भोगलेले दुःख खरे आहे म्हणून त्याचा सिद्धांतही खरा ठरत नाही. दोन्हींचे टिपण वेगळे ठेवावे. नंतर पुस्तकातला एकच सल्ला निवडून महिनाभर आचरावा आणि काय झाले ते वहीत लिहावे. पाच सल्ले एकदम घेतले तर कशाचा परिणाम झाला ते कळत नाही, आणि बहुतेकदा पाचही दुसऱ्या आठवड्यात सुटतात.

## टप्पा ७: दुसऱ्याला सांगा

सीमाभागात राहण्याचा एक फायदा येथे मिळतो. पुस्तकाचा मुख्य युक्तिवाद कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला किंवा सहकाऱ्याला पाच मिनिटांत कन्नडमध्ये सांगून पाहावा. लेखकाचे शब्द तिथे उपयोगी पडत नाहीत, त्यामुळे जे खरोखर समजले आहे तेवढेच सांगता येते. शेजाऱ्याने ‘यावर पुरावा काय?’ असे विचारले आणि उत्तर देता आले तर सहावा टप्पा नीट झाला.

मंडळातल्या चर्चेसाठी दोन नियम करावेत. पहिला: आक्षेप घेण्यापूर्वी लेखकाचे म्हणणे असे मांडावे की तो समोर असता तर ‘होय, हेच मला म्हणायचे होते’ असे म्हणाला असता. दुसरा: वयाने सर्वांत लहान सभासदाने आधी बोलावे. निवृत्त गुरुजी प्रथम बोलले की बाकीचे ‘सर म्हणतात ते बरोबरच आहे’ म्हणून मान डोलावतात आणि चर्चा तिथेच संपते. वडीलधाऱ्यांचा मान राखूनही आक्षेप घेता येतो. ‘अण्णा, या प्रकरणात दिलेला आधार मला अपुरा वाटतो’ असे म्हटले की रोख माणसावर न राहता पुस्तकावर जातो.

राहता राहिला सीमाप्रश्न. समाजावरचे कोणतेही पुस्तक घ्या, पाव तासात चर्चा तिथे पोहोचते. त्या विषयाला चहानंतरची वेळ द्यावी.

## टप्पा ८: पहिल्या पानाकडे परत

तिसऱ्या टप्प्यातले पान उघडून प्रत्येक वाक्यासमोर ‘तेच’, ‘बदलले’ किंवा ‘आता खात्री नाही’ असे लिहावे. सगळीकडे ‘तेच’ आले असेल तर पुस्तक निरुपयोगी होते किंवा आपण सोयीपुरतेच वाचले; शंकांची नोंद पाहिली की दोहोंपैकी काय ते कळते. सगळीकडे ‘बदलले’ आले तर अधिक काळजी घ्यावी. एका पुस्तकाने माणसाची सगळी मते बदलणे हे बहुधा झपाटलेपण असते, आणि ते उतरायला दोन महिने द्यावेत. त्यानंतर सर्वाधिक शंका लिहिलेली तीन प्रकरणे पुन्हा वाचावीत.

पुढचे पुस्तक याच लेखकाचे घेऊ नये. ज्या मुद्द्यावर आपले मत बदलले त्याच्या विरुद्ध बाजूचे पुस्तक शोधावे, आणि त्यासाठी वहीचे नवे पान ते हाती येण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

## पुस्तक केव्हा सोडावे

चौथ्या टप्प्यानंतरही लेखकाचा प्रश्न एका ओळीत लिहिता येत नसेल आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंतही तो उमगला नसेल, तर पुस्तक परत करावे. सलग तीन प्रकरणांत दाव्यासमोर ‘आधार’ या रकान्यात केवळ थोरामोठ्यांची वचने भरावी लागली, तरीही परत करावे. मात्र केवळ राग आला म्हणून सोडू नये. राग ज्या पानावर आला त्या पानाचा क्रमांक वहीत लिहावा, ते प्रकरण संपवावे, आणि सोडण्याचा निर्णय दुसऱ्या दिवशी घ्यावा.